विरघळणारी जाळी

मला झटका आला तेव्हा मी वाचनालयात त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवर शिक्के मारत होते. लाखनीच्या त्या वाचनालयात मी बरीच वर्षं ग्रंथपाल होते. वर पत्र्याचं छप्पर, समोर महामार्ग, आणि ट्रकांचा आवाज इतका सवयीचा की तो थांबला तर मान वर करून पाहावं. हिवाळा लागला होता. धानाची कापणी उरकून गावोगाव मळणी सुरू होती.

सकाळपासून माझा जबडा दुखत होता. दाढ असेल म्हणून मी लवंग धरली होती. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, ओली गोणी ठेवल्यासारखं जड वाटायला लागलं. मळमळही होती. छातीत कळ वगैरे काही नाही. हृदयविकार म्हणजे पुरुषमाणसाने छातीवर हात दाबून खाली कोसळणं, असंच माझ्या डोक्यात होतं. त्यामुळे मी सोडा टाकून पाणी प्यायले आणि पुन्हा कामाला लागले.

थोड्या वेळाने महामार्ग गप्प झाला. मला वाटलं, बंद पुकारला असावा. खिडकीतून पाहिलं तर ट्रक चालले होते, एकामागून एक, नेहमीसारखेच. फक्त आवाज नव्हता. धुक्यात पोहत जाणाऱ्या म्हशींसारखे ते सरकत होते आणि मला त्याची गंमत वाटत होती. भीती मुळीच वाटली नाही, हे मला आजही नवलाचं वाटतं.

समोरच्या चहाच्या टपरीवरची बाई रोज मला चहा आणून द्यायची. तिने ग्लास टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून थबकली.

"बाई, काहून वो? घामानं पातळ भिजलं तुमचं. थंडीत घाम?"

"पित्त झालंय," मी म्हणाले.

"पित्ताचा घाम असा नसते. उठा. नाई, उठू नका, बसून राहा," असं म्हणत ती बाहेर धावली आणि तिने कुणाचा तरी ऑटो थांबवला. त्या बाईने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर हे लिहायला मी नसते.

दवाखान्यात छातीवर गार वाट्यांसारखं काही लावून पट्टी काढली. डॉक्टरांनी माझ्या तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि सांगितलं, "गिळू नका, चावून खा." मी चावल्या. एक इंजेक्शन दिलं आणि लगेच नागपूरला न्यायचं ठरलं. माझे यजमान खळ्यावरून तसेच धावत आले होते. त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर धानाचा भुसा बसला होता. रुग्णवाहिकेत ते माझ्या उशाशी बसले आणि मी सगळा रस्ता त्या भुशाकडे पाहत राहिले. गाडी भंडाऱ्याच्या पुलावर आली तेव्हा बाजूच्या कठड्यातून ऊन तुकड्या-तुकड्यांनी आत येऊ लागलं. उजेड, सावली, उजेड, सावली. त्यात तो भुसा सोन्यासारखा चमके आणि विझे. खाली वैनगंगा असणार. मला ती दिसत नव्हती, पण पाठीखालून वाहत असल्यासारखी जाणवत होती.

"झोपू नको," ते म्हणत होते. "माझ्याकडं पाह्य. झोपू नको."

"मी जागीच आहे," मी म्हणत होते. ते शब्द तोंडाबाहेर पडत होते की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात मला एका अतिशय थंड खोलीत नेलं. तिथल्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. मनगटातून नळी घालणार, दुखणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मला थोडी गुंगी दिली होती. डोक्यावर एक जड यंत्र हळूहळू इकडून तिकडे फिरत होतं. बाजूच्या पडद्यावर करड्या आभाळात काळ्या फांद्या हलत होत्या. वारा नसताना झाड हलावं तशा, ठेक्यात. एक फांदी मध्येच तुटलेली दिसत होती. थोड्या वेळाने ती तुटलेली फांदी पुढे वाढली, तिला डहाळ्या फुटल्या आणि पाठीवरची ओली गोणी कुणीतरी उचलून नेली. मला एवढा मोठा श्वास आला की डॉक्टर बाई मास्कच्या आतून हसल्या.

"बरं वाटलं ना?"

"कुणी उचललं?" मी विचारलं.

"काय उचललं?"

मी पुन्हा एक मोठा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि काय केलं ते त्यांनी नीट समजावलं. माझी एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. ती उघडून आत आधाराला जाळी बसवली होती. अशी जाळी बहुतेकांना धातूची बसवतात आणि ती जन्मभर आत राहते. माझी मात्र विरघळणारी होती.

"टाके घालतात ना, विरघळणारे? तसंच समजा," त्या म्हणाल्या. "शिरेला जखम झाली आहे. ती भरेपर्यंत जाळी तिला धरून ठेवेल. मग हळूहळू नाहीशी होईल. मात्र तोवर रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि आत कसं भरून येतंय ते पाहायला तुम्हाला परत यावं लागेल. एकदा पुढच्या वर्षी, आणि एकदा सगळं विरघळल्यावर."

"आत पाहणार म्हणजे?"

"आत उजेड नेऊन."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. बाकीचं सगळं, पथ्यं, गोळ्यांच्या वेळा, किती चालायचं, ते यजमानांनी लक्षात ठेवलं. माझ्या वाट्याला तेवढं एकच वाक्य आलं.

तो हिवाळा मी अंगणातल्या बाजेवर काढला. सकाळी ऊन कुंपणावरून उतरे, माझ्या पायांवर येई, मग पोटावर, आणि दुपारी डोक्यावरून निघून जाई. गावात मळणी यंत्राची घरघर चाले. धानाचा आणि नव्या तणशीचा, म्हणजे पेंढ्याचा, वास हवेत असे. आमच्या घरामागे लहानशी बोडी आहे, शेताला पाणी देणारं तळं. तिच्यावर बगळे उतरत ते मला बाजेवरून दिसायचे. मी पुस्तक घेई आणि ते छातीवर पालथं घालून पडून राही. वाचण्यापेक्षा ऐकण्यात माझा वेळ जात होता. मी आत ऐकत होते. ठोका पडला की मनात येई, आता त्या जाळीवरून रक्त गेलं. परत पडला, परत गेलं. गुळाचा खडा पाण्यात ठेवला की त्याच्या कडा आधी धूसर होतात, तशी ती जाळी धूसर होत असेल का? कधीकधी तोंडात गोडसर चव आल्यासारखी वाटे आणि मी दचकून उठून बसे.

यजमान बदलले होते. आमच्याकडे शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज मूळचा मोठा. तो एकदम खाली आला. भांडं पडलं तरी ते माझ्याकडे पाहत. मला विहिरीवर जाऊ देत नसत. मी पीठ मळायला बसले की परात ओढून घेत.

"अहो, मी पोळ्या करू शकते."

"करजो. उद्या करजो."

उद्या पुन्हा तेच. त्यांनी केलेल्या पोळ्या एका बाजूने जाड आणि एका बाजूने कागदासारख्या असत. आम्ही दोघं त्या मुकाट्याने खात असू. मला त्यांचा राग येई. मग रागाने ठोके वाढतील म्हणून रागाचीच भीती वाटे, आणि राग नुसताच विरून जाई. घरात सगळं असं अर्धवट होऊन विरत होतं. मी आरशात पाही तेव्हा तिथली बाई मला ओळखीची, पण दूरच्या नात्यातली वाटे.

उन्हाळा लागताना मी कामावर परत गेले. चहावाली रोज माझ्या कपाळाला हात लावून बघायची आणि मगच ग्लास ठेवायची. पावसाळा आला, रोवणी झाली, धान पोटरीला आलं, पिवळं पडलं, कापलं गेलं. पुन्हा थंडी पडली आणि आत पाहण्याचा दिवस आला.

त्या दिवशी नागपूरच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. तुमसरकडच्या आंबागडचे. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, जन्म सगळा जंगलातल्या कामात गेलेला. काटक, काळेसावळे, आणि बोलण्याची हौस अशी की परिचारिका मनगट तपासत असतानाही बोलत होते. त्यांची बायको त्यांच्या पायाशी बसून संत्री सोलत होती.

"तुमची कोणती जी, बाई? लोखंडाची का विरघळनारी?"

"विरघळणारी."

"माही बी!" ते इतक्या आनंदाने म्हणाले की जणू आमचं एकच माहेर निघालं. "आता आपन एकाच जातीचे. ह्या बुडीले सांगून राहिलो, तं हिले पटत नाई. म्हणते, पैसे देऊन आनलेली वस्तू, विरघळन कायले?"

"म्हनीनच," बायको संत्र्याची फोड माझ्यासमोर धरत म्हणाली. "ह्यायची तं बुद्धी बी विरघळनारी हाय."

मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले. यजमान दारात उभे होते. माझं हसणं ऐकून ते घाबरून आत आले.

बाबाजी, मी त्यांना तसंच म्हणू लागले, माझ्याआधी आत गेले आणि परत आले ते एखाद्या जत्रेतून यावं तसे. "बाई, भेऊ नका. आंग गरम होते, जसं उन्हात सपरीतून बाहेर निघावं. बस, तेवढंच."

मग मी गेले. तीच थंड खोली, तेच मनगट, त्याच डॉक्टर बाई. या वेळी गुंगी हलकी होती. त्या माझ्याशी बोलत होत्या.

"आता केसासारखी बारीक तार आत जाईल. तिच्या टोकाला उजेड आहे, तो गोल फिरतो. पण रक्तातून उजेड जात नाही. म्हणून आम्ही औषधाचं पाणी सोडून रक्त क्षणभर बाजूला सारतो. तेवढ्यात पाहून घ्यायचं."

रक्त बाजूला सारायचं. मी डोळे मिटले. छातीतून गळ्याकडे आणि पोटाकडे ऊब पसरली, खरंच, सपरीच्या सावलीतून उन्हात यावं तशी. त्या क्षणापुरतं माझ्या हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्त नव्हतं, नुसतं नितळ पाणी होतं आणि त्यात एक दिवा फिरत मागे येत होता. मला बोडीच्या तळाशी बसून वर पाहिल्यासारखं वाटलं. वर उजेडाचं वर्तुळ होतं आणि त्यात काही हलत नव्हतं. एकही ठोका ऐकू आला नाही. ते किती वेळ चाललं म्हणून विचाराल तर पापणी लवण्याहून थोडं जास्त. पण माझ्या आठवणीत ती एक अख्खी दुपार आहे.

"डोळे उघडा. दाखवते तुम्हाला," डॉक्टर बाई म्हणाल्या.

पडद्यावर गोल होता, तांबूस-सोनेरी रंगाचा, ओल्या मातीच्या आळ्यासारखा. मधला भाग काळा. हे मी होते. गोलाच्या कडेने आतल्या बाजूला लहान लहान काळे चौकोन बसले होते, प्रत्येकाला उजळ किनार.

"हे चौकोन म्हणजे जाळीच्या काड्या. वरून ही पातळ साय आलेली दिसते? ती तुमची कातडी म्हणा, शिरेची. तिने काड्यांना आत घेतलंय. छान भरून येतंय."

एकामागून एक गोल सरकत गेले. मग त्या थांबल्या. एका ठिकाणी दोन चौकोन भिंतीपासून जरा सुटून उभे होते. त्यांच्यामागे काळी फट होती आणि वर साय नव्हती.

"इथे जाळी भिंतीला टेकलेली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बारीक आहे. पण इथे रक्त घुटमळू शकतं. गोळी बंद करायची नाही, बरं का. मी सांगेन तेव्हाच."

"ती फट बुजेल?"

"बहुतेक बुजेल. पाहू."

बाहेर आल्यावर मी यजमानांना फटीबद्दल सांगितलं. गाडी मिळेपर्यंत आम्ही इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. मग, इतके दिवस कुणाला न सांगितलेलं, त्यांनी सांगितलं.

"त्या दिवशी डॉक्टरबाईनं मले बाहेर येऊन विचारलं, धातूची बसवू का विरघळनारी? मले काय समजते? मी म्हनलं, विरघळून गेल्यावर हिले धरून कोन ठेवीन?"

"मग?"

"तं त्या म्हनल्या, तिची तीच धरून ठेवेल. तेवढी ताकद तिच्यात आहे." ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते. "म्या म्हनलं, मंग बसवा. पन तवापासून मले सारखं वाटून राहिलं, का चुकलो. धातूची घ्यायले पायजे होती. माह्या एका शब्दावर तुहा जीव."

म्हणून भांडं पडलं तरी हे माझ्याकडे पाहत होते. मी त्यांचा हात हातात घेतला. आमच्यात चारचौघांत असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"फट माझी आहे," मी म्हणाले. "तुमची नाही."

त्यानंतर पोळ्यांची परात मी परत घेतली.

बाबाजींचा अधूनमधून फोन येई. गोळी घेतली का, हे ते मला विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत आपल्याकडच्या बातम्या सांगत. बिबट्या गावात येऊन गेला, किल्ल्यावर सहल आली, बुडीने नवीन बकरी घेतली. मग काही दिवस फोन आला नाही. मी केला तर त्यांच्या बायकोने उचलला आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

"नागपुरात हाओत, बाई. ह्यायले पुन्हा झटका आला."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. यजमान सोबत होते. बाबाजी पलंगावर होते, नाकाला नळी, एरवीपेक्षा लहान दिसत होते. हिरड्यांतून रक्त येई, म्हणून त्यांनी ती गोळी आपल्याच मनाने सोडली होती. चांगलं चालत होतो, जंगलात जाऊन येत होतो, मग गोळी कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. जाळीच्या जागीच पुन्हा गुठळी झाली. वेळेवर पोहोचले म्हणून वाचले.

"आता मी तुमच्या जातीचा नाई राहिलो, बाई," ते म्हणाले. "आता मी लोखंडाचा."

"चालेल. लोखंडाच्या माणसाशी मी बोलते," मी म्हणाले.

त्यांना हसायचं होतं, पण डोळ्यांतून पाणी आलं. "तुमी गोळी सोडू नका. माही शपथ घ्या. घ्या म्हनतो ना."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. परतताना बसमध्ये मला माझी फट दिसत होती. बाहेर पाहिलं तरी काचेवर तो सोनेरी गोल होता आणि त्यातले ते सुटून उभे राहिलेले दोन चौकोन. त्या रात्रीपासून कितीतरी महिने मी झोपेत त्या फटीपाशी जाऊन येई. स्वप्नात ती आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पडलेल्या भगदाडासारखी असे आणि मी तिच्यात चिखल भरत असे. चिखल हाताला कोमट लागे. भरत असतानाच जाग येई आणि हात खरंच छातीवर असे. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण सकाळी गोळी घेताना पाणी जरा सावकाश प्यायचे.

अशी आणखी काही वर्षं गेली आणि शेवटचं पाहणं उन्हाळ्याच्या तोंडावर ठरलं. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि आमच्या गावापासून लाखनीपर्यंत सगळ्या रस्त्याला तो गोड, थोडा जड वास होता. नागपूरला जाताना बसच्या खिडकीशी मी डोळे मिटून बसले होते. यजमानांनी विचारलं, "भेव वाटून राहिलं का?"

"नाही. झोप येते."

ते खरं होतं. इतकी वर्षं आत कान लावून बसले होते, त्याचाच तो थकवा असावा.

डॉक्टर बाईंचे केस पांढरे झाले होते, का मीच आज पाहिले, कोण जाणे. जाळी विरघळून नेमकं काय होतं, हे मी त्यांना इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. आज विचारलं. तोंडात गोड चव यायची, तेही सांगितलं. त्या मोकळेपणाने हसल्या.

"गोड नाही, आंबट म्हणा. दह्यात जे आम्ल असतं ना, तसंच ते. मग त्याचं पाणी होतं, आणि थोडी हवा. ती श्वासातून जाते."

म्हणजे ती मी श्वासातून सोडत होते. वाचनालयात, अंगणात, बोडीवर. मी त्या थंड टेबलावर पडल्या पडल्या एक श्वास सोडून पाहिला.

ऊब पसरली. रक्त बाजूला झालं. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. पडद्यावर एकेक गोल उमटत गेला आणि मी काळे चौकोन शोधत राहिले. नव्हते. जिथे होते तिथे फक्त गुळगुळीत सोनेरी कडा होती, काही ठिकाणी जरा जाड, हाताने सारवल्यासारखी. डॉक्टर बाई पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या.

"तुमची फट कुठे होती ते मलाच सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. मागच्या वेळचं चित्र त्यांनी शेजारी लावलं आणि तुलना करून बोट ठेवलं. "ही. इथे."

तिथे काही नव्हतं. भिंत होती.

"आणि हे?" गोलाच्या कडेला एक ठिपका लखलखत होता.

"हा जाळीच्या टोकाचा मणी. धातूचा. असा दुसऱ्या टोकालाही आहे. जाळी कुठे आहे ते आम्हाला कळावं म्हणून असतात. हे मात्र विरघळत नाहीत. राहतील तुमच्यात. त्रास काही नाही त्यांचा."

त्यांनी आणखी एक औषध टोचलं आणि शीर पसरते का ते पाहिलं. पसरली. रक्ताची गरज वाढली की आता ती स्वतःच रुंद होऊ शकत होती, असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. डॉक्टर असं करतात का, मला माहीत नाही. त्यांनी केलं.

यजमानांना मी बाहेर येऊन म्हणाले, "गेली. फट पण गेली." ते बाकावरून उठले, पुन्हा बसले, आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "तं मंग आता घरी कायले जायचं? चाल, बाबाजीकडं जाऊ."

आम्ही तसे लगेच गेलो नाही. डॉक्टर बाईंनी काही दिवस थांबायला सांगितलं होतं. पण मोहाचा हंगाम संपायच्या आत एका सकाळी आम्ही तुमसरची बस धरली आणि तिथून आंबागडला गेलो. बाबाजी बांधावर वाट पाहत उभे होते. काठी घेऊन, पण उभे. त्यांच्या बायकोने मोहाची फुलं भाजून, तिळासोबत कुटून लाडू केले होते. आम्ही पडवीत बसून ते खाल्ले. घरासमोर अंथरलेल्या चटईवर फुलं वाळत होती आणि सगळं अंगण त्या वासाने पेंगुळल्यासारखं झालं होतं. बकरी येऊन फुलांत तोंड घाली आणि म्हातारी तिच्याशी भांडत तिला हाकलून देई.

"किल्ल्यावर जाऊन या, बाई," बाबाजी म्हणाले. "मले आता चढू देत नाई ही. तुमी पाहून या अन् मले सांगा."

"नाई, नाई, कायले?" यजमान म्हणाले.

पण मला चढायचं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिलेली होती. मी निघाले. पायवाट सागाच्या झाडांतून वर जात होती. पानं गळून वाट भरली होती, पाऊल टाकलं की मोठा आवाज होई. मी सावकाश चढले, थांबत थांबत. ठोके वाढले, श्वास मोठा झाला, आणि मी नेहमीच्या सवयीने आत कान लावला. मग कुठूनतरी सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलाट करत गेला आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. पुढे केव्हातरी लक्षात आलं, की मी आत ऐकायचं विसरले आहे.

किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पोहोचले. दगड तापले होते. मी सावलीच्या बाजूने भिंतीला टेकून बसले. खाली शेतं पिवळी, कोरडी, मध्ये एखादं तळं उन्हात पडलेलं, आणि दूरवर सगळं उन्हाच्या वाफेत हलत होतं. गाव एवढंसं दिसत होतं. किती वेळ बसले कोण जाणे. डोळे मिटत होते, उघडत होते.

मागून पाचोळा वाजला. यजमान वर येत होते. तोंड लाल, सदरा पाठीला चिकटलेला. मला एकटीला सोडवलं नसावं त्यांना, म्हणून मागोमाग निघाले आणि घाईने चढले. ते माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता.

"बसा," मी म्हणाले. "आधी बसा."

ते बसले. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. आत जोरजोरात ठोके पडत होते.

"धावत आलात?"

"नाई. झपाझप आलो."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. ते थोडं प्यायले, थोडं त्यांनी तोंडावर मारलं. त्यांच्या भुवयांतून पाणी खाली ओघळलं. खालून बाबाजींची हाक आली, लांबून, बारीक, शब्द न कळणारी. यजमानांनी उत्तर द्यायला मान वळवली आणि कितीतरी वर्षांनी, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा त्यांचा तो मूळचा मोठा आवाज निघाला.

"हाव, पोचलो!"